घोडे की किलो?

गाडी जोरात पळावी असं वाटत असेल तर मार्ग दोनच. इंजिनाची ताकद वाढवा, नाहीतर गाडीचं वजन घटवा. बाकी गॅरेजवाले जे काही सांगतात ते फिरून फिरून याच दोन खुंट्यांवर येऊन टांगलं जातं. आता यातलं आधी कुठलं करायचं, यावर गाडीवेड्यांमध्ये इतकी वर्षं भांडणं चालू आहेत की कोंबडी आणि अंड्यानेसुद्धा हात टेकावेत.

मी या भांडणात कधी पडलो नव्हतो. म्हणजे वजन कमी करणं ही माझी नोकरीच आहे, पण ती फार वेगळ्या प्रकारची. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनतात, तिथे मी एखाद्या ब्रॅकेटमधून नव्वद ग्रॅम कसे वाचवता येतील यावर तीन महिने घालवतो, आणि ते वाचले की बाजूच्या टेबलावरचा टेस्टिंगवाला येऊन तो ब्रॅकेट मोडून दाखवतो. मग आम्ही तीस ग्रॅम परत घालतो. असं आमचं आयुष्य. रोमहर्षक वगैरे काही नाही.

भांडण घरात आलं ते भाच्यामुळे. वय चोवीस, पहिली नोकरी, साठवलेले साठ हजार रुपये. आणि गाडी म्हणजे ताईची १९९८ची मारुती झेन. कार्बोरेटरवाली. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन पासिंग करून आणलेली, असं आत्तापर्यंत तीनदा. तिच्या आतला प्लास्टिकचा वास मला अजून १९९८चाच वाटतो. हा मुलगा वर्षातून दोन-तीनदा पुण्याबाहेरच्या ऑटोक्रॉसमध्ये ती पळवतो. मातीचं मैदान, शंकू लावलेले, त्यांच्यामधून वळत वळत कमीत कमी वेळात बाहेर पडायचं. बक्षीस म्हणजे एक कप आणि भरपूर धूळ.

"मामा, तू इंजिनियर आहेस ना? मग एकच सांग. पॉवर वाढवू की वजन कमी करू?"

"कशासाठी?"

"फास्ट व्हायला."

"कुठे फास्ट?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी जणू पोहे कशाशी खातात असं विचारलंय. पण माझ्या मते सगळा प्रश्न त्या 'कुठे'मध्येच आहे.

सरळ रस्त्यावर, गाडी जितकी पळू शकते तितकी पळवायची असेल, तर वजनाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. तिथे भांडण हवेशी असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणजे कमाल वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद एक-तृतीयांश वाढवायला हवी. खोटं वाटत असेल तर बुगाटी वेरॉन बघा. २००५ साली आलेली गाडी १००१ अश्वशक्तीची, वेग ताशी ४०७ किलोमीटर. २०१०ची सुपर स्पोर्ट १२०० अश्वशक्तीची, वेग ४३१. दोनशे घोडे जास्त जोडले तेव्हा चोवीस किलोमीटर पदरात पडले. गणित करून बघा, घनाचा हिशोब जवळजवळ तंतोतंत बसतो. आणि वजन? जवळपास दोन टनांची गाडी. एकदा वेग घेतल्यावर त्या दोन टनांचं तिला फारसं काही वाटत नाही.

पण वेग घ्यायचा असतो तेव्हा वाटतं. आणि घाट चढताना तर फारच वाटतं. आपली झेन साडेसातशे किलोच्या आसपास, चालवणारा पंचाहत्तर किलोचा धरला तर सव्वाआठशे. दहात एक असा चढ ताशी चाळीसने चढायचा तर निव्वळ तेवढं वजन वर उचलायलाच बारा घोडे लागतात. तिच्याकडे आहेत पन्नास. मागे तीन माणसं, पुढे एक आणि डिकीत बॅगा टाकल्या की हाच आकडा सोळा-सतराच्या पुढे जातो. त्यात महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर. तिथे हवा विरळ, म्हणून साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद साधारण आठव्या हिश्शाने उतरते. घोडे चढता चढता गळतात, किलो मात्र एकही खाली राहत नाही.

आता भाच्याचा हिशोब. सव्वाआठशे किलोंना पन्नास घोडे, म्हणजे प्रत्येक घोड्याच्या पाठीवर साडेसोळा किलो. मोकळा सायलेन्सर, एअर फिल्टर, हेडचं थोडं काम असं सगळं नीट केलं आणि दहा टक्के ताकद वाढली असं उदार मनाने धरू. पाच घोडे वाढले. तेवढाच फायदा वजनातून मिळवायचा तर किती काढावं लागेल? पंचाहत्तर किलो. म्हणजे बरोब्बर तो स्वतः.

आणि झेनमधून पंचाहत्तर किलो काढायचे कुठून? हे विचारल्यावर तो उत्साहाने म्हणाला, "डिकी!" मग एका रविवारी आम्ही डिकी रिकामी केली आणि एकेक वस्तू बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवली. (वजनकाटा पार्किंगमध्ये आणल्याबद्दल ताईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.) दोन बॅटी आणि पॅड, बंद पडलेला हवेचा पंप, पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन, एका कॅनमध्ये कुठलंसं ऑइल, छत्र्या चार, पैकी उघडणारी एक, रद्दीचा गठ्ठा, कुणाच्या तरी लग्नातल्या उरलेल्या स्टीलच्या वाट्या. स्टेपनी आणि जॅक सोडून सगळं मिळून एकतीस किलो भरलं. फुकटात दोन घोडे! एवढी स्वस्त अश्वशक्ती जगात कुठे मिळत नाही. शिवाय पेट्रोलची टाकी पस्तीस लिटरची, भरून घेण्याऐवजी अर्धी ठेवली तर आणखी तेरा किलो गेले.

त्यानंतर मात्र काढण्यासारखं काही दिसेना. कारण मारुतीने ही गाडी मुळातच भरपूर काटकसरीने बनवलेली. इथे मला एक गंमत आठवली. लोटस एलिस नावाची इंग्लिश स्पोर्ट्‌सकार १९९६ साली आली, हलकेपणाचा आदर्श म्हणून आजही तिचं नाव घेतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून बनवलेला तिचा सांगाडा फक्त ६८ किलोंचा आणि अख्खी गाडी ७२५ किलोंची. म्हणजे आपल्या झेनपेक्षा अगदी थोडीच कमी! फरक इतकाच की तिच्यात दोनच माणसं बसतात आणि घोडे ११८ असतात. भाच्याला हे सांगितल्यावर तो दिवसभर खुशीत होता. झेन आणि लोटस एकाच वजनगटातल्या म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

पण यातूनच एक नको असलेला निष्कर्ष निघतो. हलक्या आणि अशक्त गाडीला निव्वळ वेग घेण्यासाठी घोडेच उपयोगी पडतात. झेनमध्ये एस्टीमचं तेराशे सीसीचं इंजिन बसवण्याचा जुना प्रकार आहे, एकाच कुळातली इंजिनं असल्यामुळे ते बसतंही. एस्टीमच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात ८५ घोडे. तेवढा परिणाम वजन काढून साधायचा म्हटलं तर गाडीचं वजन चारशे किलोंवर आणावं लागेल. तेवढं काढायचं तर झेनऐवजी रिक्षाच घ्यावी! उलट दोन टनांची, सातशे घोड्यांची अमेरिकन गाडी घ्या. तिच्यातून तेच पंचाहत्तर किलो काढणं म्हणजे विजेवर सरकणाऱ्या सीटा आणि चार-दोन भोंगे काढणं. आणि परिणाम सत्तावीस घोडे वाढवल्याइतका. 'वजन काढा, वजन काढा' असं सांगणारे बहुतेक लोक अशा गाड्यांबद्दल बोलत असतात, हे आपण विसरतो.

मग मी भाच्याला इंजिन का सुचवलं नाही?

एक कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि जानेवारी २०१९मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा अर्थ असा की कंपनीने गाडी जशी बनवली त्या मूळ तपशिलांपासून तिला हलवायचं नाही. इंजिनाची क्षमता आरसीवर लिहिलेली असते. गंमत म्हणजे गाडीचं वजन आणि बसणाऱ्यांची संख्याही तिथेच असते, म्हणजे सीट कायमची उखडणाराही त्यातून सुटत नाही. ज्या गाडीला २०२८ साली पुन्हा पासिंगला उभं राहायचंय, तिच्याशी हा खेळ परवडणारा नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मला दुसरं कारण मोठं वाटतं. ताकद गाडीला फक्त एकाच कामात मदत करते, वेग घ्यायच्या. वेग घेतल्यावर तो सोडायचाही असतो. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग दहा टक्के जास्त असेल तर ब्रेकना एकवीस टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. ब्रेक तेच, १९९८चे. वजन कमी केलं तर ब्रेकचं काम हलकं होतं. आणि वळताना तर आणखी एक सुखद भानगड आहे. टायरवर जितका भार जास्त तितकी त्याची पकड वाढते खरी, पण त्याच प्रमाणात वाढत नाही, मागे पडत जाते. म्हणजे भार कमी केला की प्रत्येक किलोमागे मिळणारी पकड सुधारते. ऑटोक्रॉसच्या मैदानात सरळ पट्टा असतो कितीसा? सगळा वेळ वळण्यात आणि ब्रेक मारण्यात जातो. तिथे पाच घोडे हा खर्च आणि पंचवीस किलो ही कमाई.

(तेवढ्यात चाकांबद्दलही सांगून टाकतो. पोरं मोठ्या अलॉय रिमा घालतात आणि गाडी हलकी केली म्हणून फिरतात. मोठी रिम बऱ्याचदा मूळच्या लोखंडी रिमेपेक्षा जड निघते. चाक नुसतं पुढे जात नाही, फिरतंही, म्हणून त्याचा प्रत्येक किलो गाडीतल्या साध्या किलोपेक्षा महाग पडतो. काट्यावर ठेवून बघितल्याशिवाय रिम घेऊ नये.)

तर मी वजनाच्या बाजूचा. आणि वजनाच्या बाजूचा कुणीही असला की तो कॉलिन चॅपमनचं नाव घेतो. लोटसचा संस्थापक. आधी सोपं करा आणि मग हलकेपणा मिसळा, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या नावावर सांगितलं जातं. भाच्याच्या फोनच्या मागे त्याचं स्टिकर आहे. मला त्या स्टिकरबद्दल एक तक्रार आहे.

चॅपमन बांधकाम शिकलेला माणूस, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. त्याचं कसब वस्तू उखडून फेकण्यात नव्हतं. एका वस्तूकडून दोन कामं करून घेण्यात होतं. १९६२च्या लोटस २५मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडा काढून पत्र्याची पेटीच सांगाडा म्हणून वापरली. १९६७च्या लोटस ४९मध्ये इंजिन हाच गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाचा सांगाडा केला. मागची चाकं थेट इंजिन-गिअरबॉक्सला टांगलेली. जिम क्लार्कने ती पहिल्याच शर्यतीत, हॉलंडच्या झांडवूर्टला जिंकून दाखवली. हे आहे हलकं करणं. कागदावर, गाडी जन्मायच्या आधी केलेलं. आपण गॅरेजात पाना घेऊन करतो ते वेगळं, आपण फक्त काढतो. जन्माला आलेल्या गाडीतली प्रत्येक वस्तू कुणीतरी कशासाठी तरी तिथे ठेवलेली असते, आणि ते कारण तिच्यावर लिहिलेलं नसतं.

आणि खुद्द चॅपमनलासुद्धा हे दरवेळी साधलं नाही. १९६९ साली बार्सिलोनाच्या माँटजुइकला लोटसच्या दोन गाड्यांचे उंच, काटकुळ्या दांड्यांवर उभे केलेले पंख एकाच शर्यतीत मोडले. एक ग्रॅहम हिलची, दुसरी योखेन रिंटची. दोघेही वाचले. रिंटने त्यानंतर चॅपमनला पत्र लिहिलं. गाड्या इतक्या वेगवान आहेत की सगळ्यात कमकुवत भाग मजबूत करायला थोडं वजन घातलं तरी आपण जिंकू, अशा अर्थाचं. पुढच्या वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी माँझाला सरावाच्या वेळी त्याची लोटस ७२ ब्रेक मारताना वळली आणि कठड्यावर आदळली. पुढचा ब्रेक चाकात नव्हता, हलकेपणासाठीच आत, गाडीच्या अंगात बसवलेला. त्याला चाकाशी जोडणारा दांडा तुटला होता. कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंट गेला. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्यालाच मिळालं, मरणोत्तर. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असा तो एकटाच.

आमच्या ऑफिसात बाजूच्या टेबलावरचा टेस्टिंगवाला आला की मला हे पत्र आठवतं. तीस ग्रॅम परत घालायला मग फार वाईट वाटत नाही.

झेनकडे परत येतो. यादी भाच्याने केली होती. स्टेपनी, मागची सीट, डांबराचे पॅड (आवाज कमी करायला पत्र्याला आतून चिकटवलेले असतात, कोरडा बर्फ टाकून ते तडकवून काढतात, हे त्याने व्हिडिओत बघितलं होतं), एसी, आणि एक घडीची खुर्ची. मी म्हटलं, प्रत्येक वस्तूपुढे ती काय काम करते ते लिही. वजन नको, काम लिही.

इथे एक सांगायचं राहिलं. ही घरातली एकुलती एक गाडी आहे. ताईच्या सासूबाईंना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावं लागतं. जाताना आजी पुढे बसतात. येताना मागे, आडव्या होऊन, कारण चार तासांनंतर त्यांच्यात बसायचं त्राण नसतं. नेतो-आणतो भाचाच, ऑफिसच्या वेळा जुळवून. खुर्ची त्यांच्यासाठी, लिफ्टपाशी रांग असते म्हणून.

यादी त्याने रात्री केली. मागच्या सीटपुढे त्याने 'आजी' एवढंच लिहिलं होतं. स्टेपनीपुढे लिहिलं होतं, 'मंगळ, शुक्र'. खुर्चीवर काट मारली होती. पॅडपुढे बराच वेळ काही सुचलं नसावं, कारण तिथे खोडून खोडून शेवटी 'आजींना झोप लागते' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचून काही बोललो नाही. तोही बोलला नाही. "मग साठ हजारांचं काय करायचं?" एवढंच विचारलं.

साठ हजार खर्च झाले नाहीत. चार नवे टायर, त्याच मापाचे पण चांगले. ब्रेकचे पॅड, नवं ब्रेक ऑइल, पुढचे शॉक ॲबसॉर्बर. कार्बोरेटर उघडून साफ केला, टॅपेट सेट केले, आणि पन्नासपैकी गेल्या पंचवीस वर्षांत गळालेले काही घोडे परत तबेल्यात आले. ताकद वाढवण्याआधी मूळची ताकद शिल्लक आहे का बघावं, हे कुठल्याच यादीत नसतं, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नाही. ऑटोक्रॉसच्या दिवशी तो मैदानावर पोचल्यावर मागची सीट, स्टेपनी आणि जॅक काढून ताडपत्रीवर ठेवतो आणि संध्याकाळी परत बसवून घरी येतो. तीस-पस्तीस किलो, दिवसापुरते. मागच्या वेळी त्याची वेळ सव्वा सेकंदाने सुधारली. आठवा आला. सातवा आलेला मुलगा एस्टीमचं इंजिन घातलेल्या झेनवाला होता आणि दोघांत फरक होता फक्त दशांश दोन सेकंदांचा, हे मला गेले तीन आठवडे दर फोनवर ऐकायला मिळतंय.

ते दशांश दोन आता एसीमध्ये आहेत असं त्याचं ठाम मत आहे. कॉम्प्रेसर, काँडेन्सर, पाइप, सगळं धरून पंधरा-वीस किलो, शिवाय इंजिनावरचा भार. हिशोब चुकीचा नाही. परवा जेवताना त्याने हळूच विषय काढला. आजींनी भाताचा घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मे महिन्यात तू मला घेऊन जा बिनएसीचा. मग बघू कुणाचं वजन कमी होतं ते."